आमच्या फाटकाजवळचा दगड : नागपूर परिसरातील शिलावर्तुळांविषयी

आमचे घर काटोल रस्त्याकडील एका लेआउटमध्ये आहे. बाबांनी तेथे प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला तुरीची वावरे होती व रात्री कोल्हे ओरडत असत, असे आई सांगते. आज तेथे एकाला एक लागून घरे आहेत, किराणा दुकान आहे, शिकवणीचे वर्ग आहेत. या सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे आमच्या फाटकाजवळचा एक काळा दगड. तो सव्वातीन फूट लांब व दोन फूट रुंद आहे. बाबा त्यावर बसून बुटांचे बंद बांधतात. लहानपणी तान्ह्या पोळ्याला आम्ही गल्लीतली मुले त्यावर आपापले लाकडी बैल मांडत असू. दगडाच्या वरच्या बाजूस लहान लहान गोल खळगे आहेत, त्यांत चिंचोके ठेवून आमचा खेळ चाले. हे खळगे पावसाच्या पाण्याने पडले असावेत, अशी माझी समजूत होती. कोणाला विचारावे असे कधी वाटले नाही, कारण रोज दिसणाऱ्या वस्तूविषयी माणूस सहसा प्रश्न विचारीत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमचे इतिहासाचे सर आम्हां बी. ए. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना जुनापाणी येथे घेऊन गेले. नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्यावर, शहरापासून दहाबारा किलोमीटर अंतरावर हे स्थळ आहे. माळरानावर मोठमोठे काळे दगड गोलाकार मांडलेले दिसतात. अशी सुमारे ३०० वर्तुळे तेथे नोंदलेली आहेत. प्रथमदर्शनी आमची थोडी निराशाच झाली. एकाने तर “सर, बघायचे ते हेच का?” असे विचारलेही. सर हसले आणि एका दगडाजवळ वाकून त्यांनी त्यावरची धूळ हाताने पुसली. दगडावर दोन ओळींत गोल खळगे कोरलेले होते. ते पाहताच माझ्या तोंडून निघून गेले, “सर, असा दगड आमच्या घरी आहे!” सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. “घरी म्हणजे कोठे?” एवढेच त्यांनी विचारले.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे.

शिलावर्तुळ म्हणजे काय?

शिलावर्तुळ हे मृतांचे स्मारक होय. इ. स. पू. पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांनी ही वर्तुळे रचली. या लोकांना लेखनकला अवगत असल्याचा पुरावा नाही, म्हणून त्यांची हकीकत आपल्याला त्यांच्या वस्तूंवरूनच जाणून घ्यावी लागते. मोठ्या दगडांच्या स्मारकांमुळे या संस्कृतीला ‘महापाषाणीय’ अथवा ‘बृहदश्मयुगीन’ संस्कृती असे नाव मिळाले आहे.

मृताच्या अस्थी, सोबत मातीची भांडी, हत्यारे व दागिने ठेवून त्यांवर माती व मुरूम भरीत, आणि या भरावाच्या कडेने मोठे दगड गोलाकार बसवीत. म्हणजे वरून दिसणारे दगड ही केवळ सीमा असते, खरा मजकूर वर्तुळाच्या आत, मातीखाली असतो. नागपूरची भूरचना या कामाला सोयीची होती. दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्वेकडची कड या शहराच्या आसपास येऊन संपते. पश्चिमेकडच्या टेकड्यांवर हा काळा दगड हवा तेवढा मिळतो, आणि जुनापाणी व महुरझरी ही दोन्ही स्थळे त्याच बाजूला आहेत.

वर्तुळांत सापडणारी भांडी बहुधा आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी असतात. लोखंडाच्या वस्तू विपुल आहेत. त्यांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आहेत, तसेच घोड्याचे लगामही आहेत. महुरझरीच्या उत्खननात घोड्याचे अवशेष आणि त्याच्या तोंडावर चढवावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार मिळाले. धन्याबरोबर घोड्यालाही मूठमाती देणारे हे लोक होते. पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. ती मातीच्या वक्राकार विटांनी बांधलेली होती. वर्तुळातील कुऱ्हाड कोठून तरी दुरून आली असेल असे मानण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. लोखंड येथेच गाळले जात होते.

संशोधनाची परंपरा

या दगडांचा अभ्यास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे, आणि त्याच्या आरंभीच एक मृत्यू आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात शिक्षणाचे कार्य करीत. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाचे आहे. भूगर्भशास्त्राचा व येथील आदिवासी समाजांच्या भाषांचा त्यांना व्यासंग होता. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. तेथून परतताना ४ सप्टेंबर रोजी पुराने फुगलेला नाला ओलांडताना ते बुडाले. त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. टाकळघाटचे नाव मी यापूर्वी पुष्कळदा ऐकले होते, पण हे दगड पाहून परतताना एका अभ्यासकाला प्राण गमवावा लागला, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे खोदली व १८७९ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या सुमारास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, महुरझरी, नैकुंड अशी एकामागून एक स्थळे उजेडात आणली. नैकुंडच्या कामात डॉ. अ. प्र. जामखेडकर त्यांच्यासमवेत होते. आज या संस्कृतीविषयी आपण जे बोलतो, त्याचा पाया बव्हंशी या मंडळींच्या कष्टाचा आहे.

खळग्यांचे कोडे

आता खळग्यांकडे वळू. काही वर्तुळांच्या काही दगडांवरच ते आढळतात. ते एका ओळीत, दोन समांतर ओळींत किंवा फुलीच्या आकारात मांडलेले असतात. युरोपातील प्राचीन दगडांवरही असेच खळगे आहेत, हे रिव्हेट-कारनॅक यांच्याही लक्षात आले होते. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञांनी, वर्तुळात खळग्यांचे दगड कोणत्या दिशांना येतात याची मोजणी केली, आणि त्यामागे काही दिशाज्ञान असावे असा विचार मांडला. हा प्रश्न अद्याप खुला आहे. पण या विचारातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. खळग्याचा अर्थ लागायचा असेल तर दगड आपल्या मूळ जागी हवा, त्याचे तोंड मूळ दिशेला हवे. जागा हलली की अर्थही हलला.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड भागात माडिया समाज आजही मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतो, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. मी उत्साहाने सरांना म्हटले, “म्हणजे ही परंपरा तीन हजार वर्षे अखंड चालत आली!” सर म्हणाले, “साम्य म्हणजे परंपरा नव्हे. मधल्या काळाचा पुरावा दाखव, मग बोल.” हा धडा मला परीक्षेतील गुणांपेक्षा मोलाचा वाटतो.

आमच्या दगडाची चौकशी

सहलीहून परतल्यावर मी आमच्या दगडाचे माप घेतले व कागदावर त्याची आकृती काढली. एकूण अकरा खळगे भरले. पाच-पाचच्या दोन ओळी आणि एक बाजूला सुटा. प्रत्येक खळगा दोन ते अडीच इंच रुंद आहे. सरांनी घरी येऊन दगड पाहिला. खळगे पावसाचे नव्हेत, कोरलेलेच आहेत, असे त्यांनी सांगितले.

मग हा दगड आला कोठून? बाबांना एवढेच आठवत होते की, पाया खोदण्याच्या वेळी ठेकेदाराने शेजारची एक लहानशी टेकडी सपाट केली होती व तेथून दहाबारा काळे दगड निघाले होते. बाकीचे पायांत गेले, हा एक जास्तच मोठा म्हणून राहिला. पुढची माहिती मला आमच्याकडे दूध घालणाऱ्या आजोबांकडून मिळाली. ते मूळचे येथल्याच जुन्या गावठाणातले. मी दगडाचा विषय काढताच ते म्हणाले, “हे गवळ्यायचे दगड होत, पोरी. तिकडे वावरात असा गोल होता. आमी लायने होतो तवा त्यात बकऱ्या बसवत जाओ. मंग सारे दगड ट्रॅक्टरवर गेले.”

ही वर्तुळे गवळी राजांची अशी समजूत या भागात जुनीच आहे. आजोबांनी हातातली कॅन खाली ठेवली व मला जागा दाखवली. आमच्या घरापासून चौथ्या गल्लीच्या तोंडाशी, जेथे आज विजेचे रोहित्र आहे, तेथे ते वर्तुळ होते. त्यातला मुरूम आमच्याच लेआउटच्या रस्त्यावर पसरला गेला. त्या मुरुमात भांडे होते, कुऱ्हाड होती की कोणाच्या अस्थी होत्या, हे पाहायला तेव्हा कोणी थांबले नाही. ज्या रस्त्यावर मी सायकल शिकले, तो रस्ता कोणाच्या तरी थडग्याच्या मातीचा आहे, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

कोणी म्हणेल, यात ठेकेदाराचा दोष. मला तसे म्हणवत नाही. आम्हांला घर हवे होते, म्हणून टेकडी सपाट झाली. त्याला ते दगड दिसत होते, वर्तुळ दिसत नव्हते. आणि मी तरी वीस वर्षे त्याच दगडावर बसून काय पाहिले?

प्रश्न एवढ्यावरच संपला नाही. बाबांनी यंदा फाटक रुंद करण्याचे ठरविले होते व मिस्त्री दगड फोडून काढणार होता. मी बाबांना आकृती दाखविली व सर्व हकीकत सांगितली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फाटक दोन फूट अलीकडे घेता येईल. पण मला सांग, याची जागा तर गेलीच. आता हा ठेवून उपयोग काय?”

बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता. जुनापाणीचा दगड आणि आमचा दगड जातीने एकच, पण तेथला दगड बोलतो आणि आमचा मुका आहे. मी एवढेच म्हणाले, “तो कोठून उचलला हे सांगणारे एक माणूस अजून आहे. ते आहेत तोवर आपण लिहून ठेवू.” त्याप्रमाणे आजोबांनी सांगितलेली जागा नकाशावर मांडून, मापे व छायाचित्रे जोडून, सरांच्या मार्गदर्शनाखाली आम्ही एक टिपण तयार केले. ते पुरातत्त्व खात्याकडे पाठविले आहे व त्याची एक प्रत महाविद्यालयाच्या इतिहास विभागात ठेवली आहे. फाटक दोन फूट अलीकडे आले. दगड आहे तेथेच आहे.

आपले कर्तव्य

१९५८ च्या कायद्याने जुनापाणीसारखी स्थळे केंद्र शासनाच्या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे व त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. परंतु हे संरक्षण यादीतील स्थळांनाच आहे. यादीबाहेरचे, कोणाच्या तरी वावरात पडलेले एखादे वर्तुळ या नियमात बसत नाही. शहर वाढते ते अशाच वावरांच्या दिशेने.

म्हणून वर्गमित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी जे काटोल, हिंगणा, उमरेड, पारशिवनी या भागांतून रोज एस. टी. ने येतात, त्यांना माझी विनंती आहे. आपल्या शेताच्या धुऱ्यावर किंवा गावाच्या माळावर काळे दगड गोल मांडलेले दिसले तर ते हलवू नका, आत खणू नका. पावलांनी व्यास मोजा, दगड मोजा, खळगे असतील तर त्यांची आकृती व दिशा टिपून घ्या, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना त्यांचे नाव विचारा. ते टिपण विभागात आणून द्या. याला पदवी लागत नाही आणि खर्चही येत नाही. लागतो तो एक दोरा, एक वही आणि थोडा वेळ.

आमच्या दगडाच्या बाबतीत हे काम वीस वर्षे उशिरा झाले. तुमच्या गावच्या दगडाच्या बाबतीत ते वेळेवर व्हावे, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.