भोजनविधी : पानाची मांडणी व आसनविचार

पथ्यापथ्य सांगताना ‘काय खावे’ यावर आपला भर असतो; ‘कसे वाढावे, कसे बसावे’ हा भाग बहुधा राहून जातो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६ व्या अध्यायात (अन्नपानविधी) त्याचा सविस्तर विचार आहे.

पात्रे : घृत लोहपात्रात, पेया रौप्यपात्रात, फळे व भक्ष्य पदार्थ पानांवर, तर राग-षाडव काच वा स्फटिकाच्या पात्रात द्यावेत.

मांडणी : स्वच्छ, विस्तीर्ण पात्रात सूप (वरण) व भात समोर, फळे, भक्ष्य व शुष्क पदार्थ उजवीकडे, पाणी, पानक, दूध, यूष आदी द्रवपदार्थ डावीकडे, गुळाचे पदार्थ व राग-षाडव दोहोंच्या मध्ये. आपल्या महाराष्ट्रीय ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे असते. तपशील भिन्न असला तरी मुख्य अन्न समोर व इतर प्रत्येक पदार्थ नेमल्या जागी, हे सूत्र समान आहे.

क्रम : प्रथम मधुर, मध्ये अम्ल व लवण, नंतर शेष रस.

आसन : सुखपूर्वक, उंच आसनावर, शरीर सम ठेवून, अन्नावर लक्ष देऊन जेवावे. जमिनीवर मांडी घालूनच जेवावे, असे बंधन येथे नाही.

या शेवटच्या मुद्द्याकडे प्रस्तुत लेखकाचे दुर्लक्ष झाले होते. जानुसंधिगत वाताच्या एका वृद्ध रुग्णेस मी जमिनीवर बसूनच जेवण्याचा आग्रह केला. पुढे त्यांचा आहार घटला. अग्निमांद्य समजून मी दीपन-पाचन देत राहिलो. अखेर त्यांच्या सूनबाईंनी खरे कारण सांगितले. गुडघे दुखत, म्हणून लवकर उठता यावे यासाठी आजी घाईघाईने, अर्धपोटीच जेवत होत्या. खुर्ची-टेबलावर जेवण्यास अनुमती देताच आहारमात्रा पूर्ववत झाली. दोष अग्नीचा नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता.

चरकाचार्यांनीही विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात इष्ट स्थळी, अतिघाई वा अतिविलंब न करता, न बोलता, न हसता, तन्मनस्क होऊन आणि स्वतःच्या प्रकृतीचा विचार करून जेवण्यास सांगितले आहे. पाट असो वा टेबल, ही लक्षणे साधतात का, हेच पाहावे.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींनी आहारविषयक प्रश्नावलीत पुढील चार प्रश्न अवश्य घालावेत : रुग्ण कोठे बसतो? पान कोण वाढते? जेवणास किती वेळ लागतो? त्या वेळी लक्ष कोठे असते? औषधयोजना त्यानंतर करावी.