बैल दिला की बैल दिले?

आज एक लहानशी चिठ्ठी वाचू या.

समजा, रामा नावाचा एक शेतकरी आहे. त्याने आपली बैलजोडी शेजारच्या गावच्या गणाला उधारीवर दिली. पैसे दिवाळीनंतर घ्यायचे ठरले. गणाने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी अशी होती :

'रामाने मला बैल दिला. त्याचे पैसे मी दिवाळीनंतर देईन.'

रामाने चिठ्ठी खिशात घातली आणि तो घरी आला. रात्री त्याच्या मुलीने ती वाचली. ती म्हणाली, 'बाबा, बैल किती दिले तुम्ही?'

'किती म्हणजे? जोडी दिली. दोन.'

'पण इथं तर एकच लिहिलाय.'

'एक कुठं लिहिलंय? नुसतं बैल लिहिलंय. एक बैल, दोन बैल. बैल तो बैलच की!'

रामाचे म्हणणे अर्धे खरे आहे. 'बैल' हा शब्द एकाला आणि अनेकांना सारखाच आहे. एक घोडा असतो, दोन घोडे होतात. एक शेळी असते, दोन शेळ्या होतात. एक पोते असते, दोन पोती होतात. पण एक बैल, दोन बैलच राहतात. नारळ, फणस, नांगर, दगड, उंट हे शब्दही तसेच. दहा नारळ आणले म्हणून नारळाचे काही 'नारळे' होत नाहीत.

मग किती बैल दिले, हे चिठ्ठीत कळायचे कसे? मुलीला ते कसे कळले?

तिने वाक्याचा शेवटचा शब्द नीट वाचला. तिथे 'दिला' असे होते. 'बैल दिला' म्हणजे एक. 'बैल दिले' म्हणजे एकाहून जास्त. काना की मात्रा, एवढाच फरक. पण त्या एवढ्याशा फरकात एक अख्खा बैल आहे. गणा सरळ माणूस असला तर दुसरी चिठ्ठी लिहून देईल. पण दिवाळीपर्यंत दोघांचे वाकडे आले, तर पंच काय करतील? ते कागद पाहतील. कागदावर एकच बैल आहे.

वाक्यात जो शब्द काय घडले ते सांगतो, त्याला क्रियापद म्हणतात. दिला, घेतले, गेली, येतो, ही सारी क्रियापदे. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. आता ही वाक्ये मोठ्याने वाचा :

बैल दिला. बैल दिले.
शेळी दिली. शेळ्या दिल्या.
पोते दिले. पोती दिली.

पहिल्या ओळीत तो बैल, ते बैल. दुसरीत ती शेळी, त्या शेळ्या. तिसरीत ते पोते, ती पोती. नावाप्रमाणे क्रियापद बदलते. बोलताना आपण 'पोतं दिलं' म्हणतो. लिहिताना 'पोते दिले' लिहितो. दोन्ही बरोबरच आहे, एक तोंडचे आणि एक कागदावरचे.

इथे एक अडचण आहे, ती पाहून ठेवा. 'दिले' हे दोन ठिकाणी आले : बैल दिले, हे पुष्कळ, आणि पोते दिले, हे एक. 'दिली' हेही दोन ठिकाणी आले : शेळी दिली, ही एक, आणि पोती दिली, ही पुष्कळ. म्हणून नुसत्या क्रियापदावर जाऊ नका. नाव आणि क्रियापद दोन्ही मिळून वाचा. जुन्या काळी हा घोळ थोडा कमी होता. तेव्हा 'पोतें दिलें', 'पोतीं दिलीं' असे टिंब देऊन लिहीत, आणि 'बैल दिले' बिनटिंबाचे लिहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नवे नियम केले. त्यांत न उच्चारली जाणारी ही टिंबे गेली. मुलांचे ओझे हलके झाले, हे खरेच. पण तुमच्या घरी जुनी पोथी किंवा कागद असेल, तर त्यातली टिंबे पाहून गोंधळू नका.

आता पुढची गोष्ट. क्रियापद कोणाच्या मागे जाते? करणाऱ्याच्या, की केलेल्या वस्तूच्या? वाचा :

रामा भाकरी खातो.
सीता भाकरी खाते.

भाकरी तीच. खाणारा बदलला म्हणून क्रियापद बदलले. इथे क्रियापद करणाऱ्याच्या मागे गेले. आता हे वाचा :

रामाने भाकरी खाल्ली. सीतेने भाकरी खाल्ली.
रामाने आंबा खाल्ला. सीतेने आंबा खाल्ला.

खाणारा कोणी का असेना, भाकरी असली की 'खाल्ली', आंबा असला की 'खाल्ला'. असे का झाले? रामाला 'ने' लागला, सीतेला 'ने' लागला. करणाऱ्याला 'ने' लागला, की क्रियापद त्याच्याकडे पाठ फिरवते आणि वस्तूकडे पाहू लागते. 'मी' आणि 'तू' यांना हा 'ने' लागत नाही, तरी चाल तीच. 'मी बैल दिला', 'मी बैल दिले'. पावतीत बहुधा दिले-घेतलेचीच वाक्ये असतात. म्हणून पावती वाचताना 'कोणी दिले' यापेक्षा 'काय दिले' याच्याशी क्रियापद जुळवून पाहा.

पहिल्या तऱ्हेला कर्तरी प्रयोग म्हणतात, दुसरीला कर्मणी प्रयोग. ही नावे पाठ झाली नाहीत तरी काही अडत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. मोरो केशव दामले यांनी १९११ साली फार मोठा ग्रंथ लिहिला. पण हा मेळ काही त्यांनी घालून दिला नाही. तुमच्या माझ्या पणजीच्या तोंडी तो होताच. तिने कधी 'मी भाकरी खाल्ला' म्हटले नाही, आणि तुम्हीही म्हणत नाही. तुमचे कान पक्के आहेत. हाताला तेवढे लिहायला शिकवायचे आहे. म्हणून काहीही लिहून झाले, की ते एकदा मोठ्याने वाचा. चुकले असेल तर कानाला खटकेल.

एक जागा मात्र अशी आहे, की तिथे कानही फसतो. ही दोन वाक्ये वाचा :

रामाने बैलाला धुतले.
रामाने बैलांना धुतले.

दोन्हींत 'धुतले' आहे. वस्तूला 'ला' किंवा 'ना' लागला, की क्रियापद कोणाकडेच पाहत नाही, 'ले' करून उभे राहते. याला भावे प्रयोग म्हणतात. मग संख्या कुठे गेली? ती बैलाच्या डोक्यावरच्या टिंबात गेली. तेच टिंब इथेही पाहा :

बैलाचे पैसे पोचले.
बैलांचे पैसे पोचले.

समजा, तुम्ही दोन बैल विकले. एकाचेच पैसे हातात आले. घेणाऱ्याने 'बैलांचे पैसे पोचले' अशी पावती पुढे केली आणि तुम्ही सही केली. झाले! दोन्ही बैलांचे पैसे मिळाले, असे तुम्हीच लिहून दिल्यासारखे झाले. भरभर बोलताना हे टिंब ऐकूही येत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते. सही करण्याआधी प्रत्येक नावाच्या डोक्यावर बोट ठेवून टिंब आहे की नाही ते पाहा. समोरचा माणूस घाई करत असेल तर करू द्या.

क्रियापद एक की अनेक एवढेच सांगते. दोन की दहा, ते सांगत नाही. म्हणून आकडा लिहा आणि तोच अक्षरानेही लिहा : '२ (दोन) बैल दिले.' पुष्कळ वस्तू असल्या, तर क्रियापद शेवटच्या वस्तूशी जुळते. 'एक पोते, दोन शेळ्या आणि एक बैल दिला' असे आपण लिहितो, आणि ते बरोबर आहे. पण देण्याघेण्याच्या कागदात असे लांब वाक्य मला पसंत नाही. एका वस्तूला एक ओळ द्यावी.

मान देतानाही क्रियापद आपल्याला चकवते. 'सरपंच आले.' एक आले की दोन गावांचे दोन आले? मोठ्या माणसाला आपण एकटा असला तरी 'आले' म्हणतो. बाईंना 'आल्या' म्हणतो. ग्रामपंचायतीच्या सभेची नोंद लिहिताना 'सदस्य हजर होते' एवढे लिहून भागत नाही. एक होते की सात होते, हे त्यातून कळत नाही. तिथे प्रत्येकाचे नाव आणि एकूण संख्या हवी.

आता फॉर्मकडे वळू. बँकेत, तहसील कचेरीत, शाळेत जे छापील फॉर्म मिळतात, त्यांत बहुधा असे असते : 'मी अर्ज करतो/करते.' मधे तिरकी रेघ असते. पुरुषाने 'करते' खोडावे, बाईने 'करतो' खोडावे. कोल्हापूरकडे बायाही बोलताना 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात. ती तिकडची बोली आहे, तिला हसू नये. फॉर्म भरताना मात्र छापील भाषेप्रमाणे खूण करावी. आणि 'मी अर्ज भरला' असे असेल, तर खोडायचे काहीच नाही. तिथे बाई आणि पुरुष दोघांनाही 'भरला'च. का, ते वर सांगितले आहे. अर्ज भरला, भाकरी खाल्ली, एकच चाल.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुले शाळेत इंग्रजी शिकत असतील. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. मूल घरी बसून 'ही गोज, शी गोज, दे गो' असे घोकत असेल, तर ते याच मेळाचा धडा करत आहे, असे समजा. इंग्रजीत क्रियापद नेहमी करणाऱ्याच्याच मागे जाते. पाठ फिरवण्याची आपली चाल तिथे नाही. 'तो जातो' आणि 'ती जाते' असा भेदही नाही, दोघांना 'गोज'च.

मुले एका जागी हमखास चुकतात. 'बॉय' म्हणजे मुलगा, 'बॉइज' म्हणजे मुलगे. नावाला शेवटी 'स' किंवा 'ज' लागला, की अनेक झाले. म्हणून मूल क्रियापदालाही तो लावते, आणि 'बॉइज रन्स' म्हणते. इंग्रजीत ते उलटे आहे. 'बॉय रन्स', एक मुलगा धावतो. 'बॉइज रन', मुलगे धावतात. नावाला लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी एवढे मुलाला विचारता येईल : 'स कुठं लागला रे, नावाला की क्रियापदाला?'

आणि गंमत पाहा. आपल्या बैलाचा भाऊ इंग्रजीतही आहे. मेंढीला इंग्रजीत 'शीप' म्हणतात. एक असली तरी शीप, शंभर असल्या तरी शीप. 'शीप ईट्स' म्हटले तर एक मेंढी खाते. 'शीप ईट' म्हटले तर मेंढ्या खातात. 'शीप वॉज सोल्ड' म्हणजे एक मेंढी विकली गेली. 'शीप वर सोल्ड' म्हणजे पुष्कळ मेंढ्या विकल्या गेल्या. तिकडच्या मेंढपाळालाही क्रियापद नीट वाचूनच सही करावी लागते.

आता वही घ्या.

१. गाळलेल्या जागा भरा.
सीतेने एक नारळ आण___.
सीतेने पाच नारळ आण___.
रामाने शेळ्या विक___.
मी चार पोती घेत___.
गणाने नांगर दुरुस्त केले. (नांगर एक की अनेक?)

२. या पावतीत किती फणस आहेत आणि किती फणसांचे पैसे मिळाले, ते सांगा :
'मी फणस दिले. फणसाचे पैसे मिळाले.'

३. तुम्ही शेजाऱ्याला काही नारळ आणि एक पोते दिले, अशी पावती मुद्दाम आकडा न घालता लिहा. वर्गातल्या जोडीदाराला ती वाचायला द्या. नारळ एक की अनेक, ते त्याला विचारा. मग आकडा आणि अक्षर घालून तीच पावती पुन्हा लिहा.

४. घरात एखादी जुनी पावती किंवा चिठ्ठी असेल तर उद्या वर्गात आणा. आपण तिच्यातली क्रियापदे आणि टिंबे मिळून पाहू.