नोकरी सोडणाऱ्या शिक्षकाने आधी मांडावयाचा हिशेब



सोलापुरात माझे कापडाचे दुकान आहे. गेल्या काही वर्षांत दुकानात एका नव्या प्रकारचे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. ते कापड मागत नाही. बसते, चहा घेते, ताक्यांवरून नजर फिरवते आणि हळूच विचारते, "चाचा, या धंद्यात महिन्याला किती सुटतात?" असे विचारणारा बहुधा शिक्षक असतो.

त्याचे कारण उघड आहे. आपल्या घराघरांतून मुला-मुलींनी डी.एड., बी.एड. केले, कारण मास्तरकी म्हणजे इज्जतीची आणि पक्क्या पगाराची रोजी, असा आपला समज होता. इज्जत आजही आहे. पगाराचे चित्र मात्र पालटले. राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे मानधनावर काढणे आले. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन कित्येक वर्षे ६ हजार होते, ते २०२३ पासून १६ हजार झाले. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवेतून बाहेर पडावे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न त्याच निकालात मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. विनाअनुदानित शाळेत राबणाऱ्यांची हकिगत तर सांगायलाच नको. तेव्हा चाळिशीतला माणूस खडू ठेवून दुसरी वाट शोधू लागला, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण वाट शोधणे वेगळे आणि हिशेब मांडणे वेगळे. शिक्षकाला हिशेब येत नाही असे माझे म्हणणे नाही, तो तर आमच्या मुलांना नफा-तोटा शिकवतो. मात्र पुस्तकातल्या नफा-तोट्याच्या गणितात दुकानदाराचा स्वतःचा पगार कुठे धरलेला नसतो आणि उधारी बुडाल्याचे उदाहरण मी तरी शालेय पुस्तकात पाहिलेले नाही. माझे स्वतःचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी मी बाजारात गिऱ्हाइकांकडून शिकलो. त्यामुळे भाषेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे. आकड्यांची जबाबदारी माझी.

एका सरांचे उदाहरण देतो. नाव देत नाही, ते आवश्यकही नाही. एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी नऊ वर्षे शिकवले. २०२२ च्या जानेवारीत ते माझ्याकडे आले. शाळेच्या गणवेशाचा धंदा करावयाचा ठरवून आले होते. विचार चुकीचा नव्हता. सोलापूर हे गणवेश शिलाईचे मोठे केंद्र आहे. येथे कारागीर मिळतात, कटिंग मास्तर मिळतात, बटण-चेनपासून पिशवीपर्यंत सारे गावातच मिळते. शाळांचे वेळापत्रक, मुलांची पटसंख्या, मुख्याध्यापकांचा स्वभाव हे सर्व सरांना तोंडपाठ. पत्नीचे दागिने मोडून आणि भावाकडून घेऊन त्यांनी साडेतीन लाख उभे केले होते. मी त्यांना चांगले कापड दाखवले, भाव वाजवी लावला आणि काही माल उधारही दिला. फक्त एक गोष्ट केली नाही. "सर, हिशेब मांडला आहे का?" असे विचारले नाही. व्यापारी माल विकायला बसलेला असतो, ही सबब मी स्वतःला देतो, पण ती मला पटत नाही.

तो हिशेब आज येथे मांडतो. आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत. जीएसटी बाजूला ठेवला आहे. एका गणवेशाला, म्हणजे शर्ट व पॅन्टला, कापड २१० रुपयांचे लागले असे धरा. कटिंग व शिलाईची मजुरी ११५. बटण, चेन, दोरा, लेबल, पिशवी ३०. इस्त्री व वाहतूक १५. एकूण ३७० रुपये. विक्री ४५० रुपयांना. सरांनी पाटीवर लिहिले: नगामागे नफा ८० रुपये, हजार गणवेशांवर ८० हजार. घरातील सगळे खूश झाले.

आता दुकानदाराच्या वहीत हेच गणित कसे दिसते ते पाहा. हजार शिवले म्हणून हजार विकले जात नाहीत. साडेनऊशे विकले गेले, पन्नास राहिले. विक्री झाली ४ लाख २७ हजार ५०० रुपयांची. हजार गणवेशांचा खर्च ३ लाख ७० हजार. हाती उरले साडेसत्तावन्न हजार. दुकानाच्या गाळ्याचे भाडे महिना ४ हजार, सहा महिन्यांचे २४ हजार. नमुन्याचे सेट, शाळाशाळांतून फिरण्याचे पेट्रोल, वीज, फोन मिळून साडेनऊ हजार. उरले २४ हजार. सहा महिन्यांत वाटले तर महिना ४ हजार. म्हणजे १६ हजारांचे मानधन कमी म्हणून जो बाहेर पडेल, तो आपल्याच दुकानात स्वतःला ४ हजारांवर नोकर ठेवतो.

सहा महिने का धरले, असे कोणी विचारील. गणवेशाचा माल जूनमध्ये खपतो, पण त्याचे कापड जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावे लागते. मार्च ते मे कटिंग आणि शिलाई. जूनच्या मध्याला शाळा उघडतात तेव्हा पंधरा-वीस दिवस दुकानात उभे राहायला जागा नसते. शाळेने एकगठ्ठा माल घेतला असेल तर बिलाचे पैसे जुलै-ऑगस्टपर्यंत येत राहतात. ज्या घराला नऊ वर्षे दर महिन्याला थोडेफार का होईना पैसे येण्याची सवय आहे, त्या घराने जानेवारी ते जून किराणा कशावर भरावा? सरांनी तो भांडवलातून भरला. मे महिन्यात कारागिरांची मजुरी द्यायला पैसे नव्हते आणि कारागीर दुसऱ्याच्या मशीनवर गेले.

राहिलेल्या पन्नास गणवेशांतही एक धडा आहे. ते बहुतेक मोठ्या मापाचे होते. सरांनी नववी-दहावीचा पट पाहून माप कापले. परंतु दहावीच्या मुलाचे आई-वडील शेवटच्या एका वर्षासाठी नवा गणवेश घेत नाहीत. पॅन्टची घडी उसवून लांबी वाढवतात आणि वर्ष काढतात. पहिली आणि पाचवीला मात्र प्रत्येक मूल नवे कपडे घेते. हे सरांनी वर्गात रोज पाहिले होते, पण ते धंद्याचे ज्ञान आहे हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

आणखी एक ठोकर. जूनमध्ये एका शाळेने साठ पॅन्ट वाढीव मागितल्या. माझ्याकडे तो लॉट संपला होता, म्हणून सरांनी दुसरीकडून त्याच रंगाचे कापड घेतले. दुकानाच्या दिव्याखाली रंग एकच दिसतो. मैदानात प्रार्थनेला मुले उभी राहिली तेव्हा साठ पॅन्ट वेगळ्या दिसू लागल्या. सगळा माल परत आला. रंगाची शेड लॉटगणिक बदलते. यासाठी ऑर्डरच्या दहा टक्के जादा कापड त्याच लॉटमधून सुरुवातीलाच घेऊन ठेवावे आणि कापडाचे मिलान नेहमी उन्हात करावे.

आता उधारी. शिक्षकाचा हा सर्वांत नाजूक भाग आहे. गावात त्याला मान असतो आणि हाच मान दुकानात त्याच्या आड येतो. समोर उभा राहणारा कालचा विद्यार्थी असतो, आज दोन मुलांचा बाप. "सर, पगार झाला की देतो," असे तो म्हणतो आणि सरांच्या तोंडून नाही निघत नाही. पुढे रस्त्यात तोच विद्यार्थी नजर चुकवतो. पैसेही गेले आणि सलामही गेला. वरच्या हिशेबात बिलाचा फक्त दहावा हिस्सा अडकला, तरी ते होतात ४२ हजार ७५० रुपये. उरलेले २४ हजार त्यात बुडून वर आणखी पावणेएकोणीस हजारांचा खड्डा. सरांचे नेमके असेच झाले. त्यांची मोठी रक्कम एका संस्थेकडे अडकली, जिच्या कार्यालयात ते स्वतः शिक्षक म्हणून आदराने बसत असत.

येथे कायद्याची माहिती असावी. शिवून माल तयार करणारा लहान उद्योजक उद्यम नोंदणी करू शकतो. ही नोंदणी विनामूल्य असते, एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. अर्थात कायदा दाखवला की पुढच्या वर्षीची ऑर्डर जाते, हे बाजारातले सत्यही मी लपवत नाही. त्यापेक्षा ऑर्डर घेतानाच निम्मी रक्कम आगाऊ मागावी. आगाऊ रक्कम देणारी शाळा शेवटचे बिलही सहसा देते. आणि मुख्याध्यापक वा संस्थाचालकाला "काही तरी" देऊन ऑर्डर घेण्याचा मोह टाळावा. तो पैसा शेवटी गरीब पालकाच्या खिशातून निघतो आणि पुढच्या वर्षी जास्त देणारा दुसरा भेटतोच.

सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांवर धंदा उभारू पाहणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशामागे ३०० रुपये धरले जात; आपला वरचा ३७० चा माल तेथे बसतच नाही. शिवाय २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने कापड एकत्र खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवून पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. एका शासन निर्णयाने गिऱ्हाईक येते आणि दुसऱ्याने जाते.

महिना १६ हजार सुटावेत असे वाटत असेल तर किती माल खपला पाहिजे? सहा महिन्यांचे ९६ हजार, त्यात भाडे व फिरतीचे साडेतेहेतीस हजार मिळवा. झाले १ लाख २९ हजार ५००. हजारामागे साडेसत्तावन्न हजार सुटतात, म्हणजे सुमारे सव्वादोन हजार गणवेश हवेत आणि त्यासाठी भांडवल लागेल सव्वाआठ लाखांहून अधिक. आणि जुलै ते डिसेंबर काय करणार, हा प्रश्न उरतोच. त्या काळात दवाखान्यांचे, हॉटेलांचे, सुरक्षारक्षकांचे गणवेश शिवणारेच बाजारात टिकतात.

शिक्षक व्यापारात उतरून यशस्वी झाल्याचे मोठे उदाहरण आपल्या मुलखातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्याआधी नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, ही गोष्ट आमच्या कामाची. राजीनामा दिला तेव्हा बेळगावचे दुकान उभे होते आणि दुकानात घरचा माणूस होता. पुढे लोखंडी नांगर काढला, तर लोखंडाने जमीन नासते या समजापायी शेतकरी तो घेईनात. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, म्हणजे राजीनाम्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

आज नोकरीत राहून धंदा करण्यावर सेवाशर्तींचे बंधन असते. आपली अट वाचावी, लेखी परवानगीखेरीज काही करू नये. पण शिकण्यावर बंधन नाही. मे महिन्यात शाळेला सुटी असते आणि नेमकी तेव्हाच आमच्या गणवेशवाल्यांची धावपळ असते. एखाद्या ओळखीच्या दुकानात महिनाभर बिनपगारी बसावे. कापडाचा पन्ना मोजावा, ताक्यातून किती नग निघतात ते पाहावे, कारागिराला नगावर मजुरी कशी देतात ते लिहून घ्यावे, आणि मुख्य म्हणजे दुकानदार उधारी मागायला जातो तेव्हा त्याच्याबरोबर जावे. दोन सुट्या अशा गेल्या की पाऊल टाकायचे की नाही हे कोणाला विचारावे लागणार नाही.

आमच्या सरांनी २०२३ साली दुकान बंद केले. माझी बाकी मी मागितली नाही. त्यांनी ती दीड वर्षात थोडी थोडी करून आणून दिली. सध्या ते तीन शिलाई कारखान्यांची कामे पाहतात: मापांची नोंद, मजुरीच्या वह्या, कापडाचा हिशेब. हजेरीपट लिहिणारा हात आहे, वहीत खाडाखोड नसते, त्यामुळे कारागीरही त्यांच्या वहीवर भांडत नाहीत. मागच्या महिन्यात ते दुकानात आले आणि दवाखान्याच्या हिरव्या कापडाचे चार ताके काढायला सांगितले. ही ऑर्डर स्वतःची आहे म्हणाले. मी विचारण्याआधीच त्यांनी खिशातून एक कागद काढून गल्ल्यावर ठेवला. त्यात कापड, मजुरी, भाडे आणि आगाऊ मिळालेली निम्मी रक्कम लिहिली होती, आणि सर्वांत वर, पहिल्या ओळीत, "माझा पगार."