व्यक्तिचित्रातील निवेदकाची भाषा

शैलीतून लेखकाचे व्यक्तिमत्त्व प्रकट होते, असे आपण वर्गात सांगत असतो. व्यक्तिचित्रापाशी येताच हे विधान अडखळते. कारण तेथे माणसे दोन असतात. मग शैली कोणाची?

पात्राची बोली हुबेहूब उतरली की शैली व्यक्तीशी एकरूप झाली, अशी एक सोयीची समजूत आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'गणगोत'मधील (१९६६) रावसाहेबांची कानडी वळणाची, शिव्यांनी सजलेली मराठी मग उदाहरण म्हणून पुढे येते. परंतु बोली हा संवादाचा भाग झाला. खरी कसोटी अवतरणचिन्हांबाहेरील वाक्याला लावली पाहिजे.

'व्यक्ती आणि वल्ली'मधील (१९६२) 'अंतू बर्वा' या दृष्टीने वाचावा. रत्नागिरीच्या मधल्या आळीची ओळख करून दिली जाते तेव्हा अंतूशेट अजून तोंड उघडायचे असतात. तरी गौरवाचा आव आणून टोमणा मारण्याची त्यांची रीत निवेदनात आधीच शिरलेली असते. पुढे अंतूशेटांचे दारिद्र्य आणि एकाकीपण जाणवू लागते, तसा निवेदक आवरते घेतो. अंतूशेटांना कोणाची कीव खपली नसती. निवेदकही ती करीत नाही. तिरकसपणा हे त्यांचे पांघरूण आहे आणि लेखक ते ओढून काढीत नाही. (अभिवाचनांच्या ध्वनिमुद्रणांमुळे आपल्या विद्यार्थ्यांच्या कानांत संवादच अधिक घुमतात. हा संयम छापील पानावर शोधावा लागतो.) मितभाषी 'नंदा प्रधान'मध्ये तर हाच विनोदकार जवळजवळ विनोद विसरतो.

उलट 'सखाराम गटणे'मध्ये निवेदक गटण्याच्या पुस्तकी भाषेपासून कटाक्षाने दूर राहतो. हे शैलीचे अपयश मानता येणार नाही. गटण्याची भाषा अद्याप त्याची स्वतःचीच झालेली नाही. ती वाचनातून उसनी आलेली आहे. प्रतिबिंब पडावे असे तेथे काही नाही, आणि हे अंतर राखणे हेच त्याचे यथार्थ चित्रण होय.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये (१९४९) प्रश्न अधिक बिकट होतो. माडगूळकरांचे गद्य माणसागणिक फारसे बदलत नाही. ते सर्वत्र काटकसरीचे आहे. म्हणून त्यात व्यक्तीचे प्रतिबिंब नाही, असा आक्षेप संभवतो. मला तो पटत नाही. त्यांनी निवडलेली माणसेच या गद्याला मानवणारी आहेत. 'धर्मा रामोशी'मध्ये नेसायला वस्त्र नसल्यामुळे धर्माच्या मुलीला घराबाहेर येता येत नाही. निवेदक धर्माला स्वतःचे धोतर देतो, आणि पुढे ते त्या मुलीच्या अंगावर त्याला दिसते.  माडगूळकर त्या दृश्यावर भाष्य करीत नाहीत. धोतर तेवढे दाखवितात.