पेटीतील अळ्या आणि रेशमाचा धागा

चेन्नई शहरातील पश्चिम मांबलम ही जुनी वस्ती. रेल्वेचे रूळ ओलांडले, की पलीकडे त्यागरायनगर म्हणजेच टी. नगरचा बाजार लागतो. लग्नसराई जवळ आली, की अलीकडच्या घरांतली माणसे पलीकडच्या दुकानांत कांचीपुरमची साडी पाहायला जातात. तंजावरच्या मराठी राजवटीबरोबर (१६७६ ते १८५५) दक्षिणेत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही चेन्नईत आहेत. त्यांच्या बोलीत तमिळ शब्द मिसळले आहेत. तमिळमध्ये रेशमाला ‘पट्टू’ म्हणतात. आपल्या संस्कृत ग्रंथांत त्याला ‘कौशेय’ म्हटले आहे. कौशेय म्हणजे कोषापासून झालेले. हा कोष कोठे आणि कसा तयार होतो, हे मात्र साडी निवडणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

रेशीमअळी हे एका पतंगाचे बालरूप होय. मादी एका वेळी सुमारे चारशे ते पाचशे अंडी घालते. एका मादीच्या अंड्यांच्या समूहास ‘अंडीपुंज’ असे म्हणतात. शेतकरी अंडीपुंजांच्या हिशेबाने काम करतो. शंभर अंडीपुंज घेतले, तर चाळीस ते पन्नास हजार अळ्या सांभाळाव्या लागतात. नुकतीच बाहेर पडलेली अळी मुंगीएवढी, काळसर व केसाळ असते. हजारो वर्षे माणसाच्या हाताखाली वाढल्यामुळे या जातीला अन्न शोधता येत नाही. तिच्या पतंगाला नीट उडताही येत नाही. तिचे सर्व काही माणसावर अवलंबून आहे.

पहिल्या दोन अवस्थांतील, म्हणजे साधारण आठवडाभराच्या संगोपनास ‘चॉकी संगोपन’ म्हणतात. येथेच पेट्या उपयोगी पडतात. उथळ तबके एकावर एक अशी रचतात, की त्यांची बंद पेटीच व्हावी. तबकात मेणकागद अंथरून त्यावर अळ्या ठेवतात, कडेने ओल्या स्पंजाच्या पट्ट्या लावतात आणि वरून पुन्हा मेणकागद झाकतात. त्यामुळे तुतीचा कोवळा, बारीक चिरलेला पाला लवकर सुकत नाही. या वयात अळीला सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियस तापमान आणि पंच्याऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता मानवते. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात एवढा ओलावा टिकवायचा, तर घरातील माणसांना गोणपाट भिजवीत राहावे लागते.

अळी चार वेळा कात टाकते. कात टाकण्यापूर्वी ती खाणे थांबवते, मान वर उचलते आणि दिवसभर निश्चल राहते. नवख्या माणसाला वाटते, अळी आजारी पडली! तो पाला घालतो, हलवून पाहतो आणि नुकसान करून बसतो. जाणता शेतकरी या वेळी झाकण काढतो, बिछान्यावर चुन्याची भुकटी भुरभुरतो आणि अळ्यांना हातही लावत नाही. सर्व अळ्या जाग्या झाल्यावरच पुढचा पाला पडतो. केव्हा काही करू नये, हे या व्यवसायात शिकायला सर्वांत अवघड जाते.

मोठ्या अळ्यांना पेटी पुरत नाही. त्यांना हवेशीर संगोपनगृहातील मांडण्यांवर, फांद्यांसह पाला देतात. शेवटच्या, पाचव्या अवस्थेत अळी आयुष्यभरातील खाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के पाला खाते. तेव्हा संगोपनगृहात पाऊस पडत असल्यासारखी सरसर ऐकू येते. शंभर अंडीपुंजांना जवळजवळ एक टन पाला लागतो. ऐन भरात पाला कमी पडला, तर महिनाभराचे कष्ट वाया जातात.

तोटा येण्याची आणखीही कारणे आहेत. शेजारच्या शेतात फवारलेले कीटकनाशक वाऱ्याने तुतीवर आले, तर तो पाला खाऊन अळ्या मरतात. उझी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते. रोगांचा फैलावही वेगाने होतो. १८६५ साली लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये रेशीमअळ्यांच्या ‘पेब्रीन’ रोगाचा अभ्यास सुरू केला. रोग मादीकडून अंड्यांत उतरतो हे ओळखून, अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी व ती रोगी निघाल्यास तिची अंडी नष्ट करावीत, असा उपाय त्यांनी रूढ केला. आजचे रोगमुक्त अंडीपुंज याच पद्धतीने तयार होतात. म्हणून स्वस्त मिळतात म्हणून कोठूनही अंडी आणणे शहाणपणाचे नाही.

पिकलेली अळी पारदर्शक, पिवळसर दिसू लागते. तिला वेळेवर ‘चंद्रिके’वर, म्हणजे बांबूच्या वा प्लॅस्टिकच्या चौकटीवर, सोडतात. डोके आठच्या आकड्यासारखे फिरवीत ती दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती एकाच सलग धाग्याचा कोष विणते. चांगल्या कोषात हजार मीटरहून अधिक धागा असतो. पतंग कोष भेदून बाहेर पडला, तर हा धागा तुटतो. म्हणून त्यापूर्वीच कोष उष्णतेने वाफवतात. आत जीव असतो, हे विसरता येत नाही. मुकटा नेसून सोवळे पाळणाऱ्या आपल्या समाजाने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. पतंग बाहेर पडल्यावरच्या कोषांपासूनही कापड होते. पण तेथे धागा उलगडता येत नाही, सुतासारखा कातावा लागतो.

महाराष्ट्रात १९९७ साली स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नागपूरला आहे. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर रेशीम पूर्वीपासून होत आले आहे. तुतीने मात्र मराठवाड्यात मूळ धरले, कारण एकदा लावलेली तुती बारा-पंधरा वर्षे पाला देते आणि वर्षातून अनेक पिके घेता येतात. तरीही कोष विकायला कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. रात्रभराचा प्रवास, वाटेत कोषांचे घटणारे वजन आणि तेथील लिलावात बोलला जाईल तो भाव! माल परत आणणे परवडणारे नसल्याने शेतकऱ्याला नाही म्हणता येत नसे. २०१८ साली जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाली, तेव्हापासून सकाळी कोष घेऊन निघालेला शेतकरी संध्याकाळच्या पाल्याला घरी पोचू लागला.

स्वाध्याय
१. कात टाकताना अळीला पाला का देऊ नये?
२. रामनगरच्या लिलावात शेतकऱ्याला नकार देणे का कठीण होते?
३. तुमच्या परिसरात घरातील सर्वजण मिळून करतात असा एखादा व्यवसाय पाहा. त्यात कोणती कामे स्त्रिया करतात आणि विक्रीचे पैसे कोणाच्या हाती येतात, ते आठ-दहा ओळींत लिहा.