पाण्याच्या वाटेनें दोन दिवस

वाशीम शहर कोणत्याही मोठ्या नदीच्या कांठीं वसलेलें नाहीं. तरी तें एके काळीं राजधानी होतें. हें कसें घडलें, या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांबरोबर पायांनींही शोधावें, या हेतूनें आम्हीं शनिवार-रविवारची सहल योजिली.

प्रथम भूगोल पाहूं. या जिल्ह्यांत उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस जाऊन पूर्णेस मिळते; पूर्णेचें पाणी तापीवाटे अरबी समुद्रांत जातें. दक्षिणेकडील पैनगंगेचें पाणी मात्र वर्धा व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोंचतें. म्हणजे एकाच मेघाचे दोन थेंब येथें दोन समुद्रांची वाट धरतात! अशा जलविभाजक प्रदेशांत पाणी थांबत नाहीं. तें मनुष्यानें थांबवावें लागतें. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर व बालाजीच्या देवळाजवळील देवतलावाच्या कांठीं उभें राहतां ही गोष्ट सहज उमगते.

आतां इतिहास. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. चौथ्या शतकांत वाकाटक नृपति सर्वसेन यानें आपल्या शाखेची राजधानी येथें केली. इ. स. १९३९ मध्यें उजेडांत आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथूनच दिलेला असून त्यांत संस्कृत व प्राकृत या दोन्ही भाषा आहेत. याच शाखेंतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें.

रात्रीं एका शेतकऱ्याच्या अनुमतीनें त्याच्या शेतांत राहुट्या ठोकल्या. विहीर दूर होती. प्रत्येकानें आपल्या वांट्याची घागर वाहून आणली. त्यानंतर भांडीं घासतांना कोणीही पाणी सांडलें नाहीं. यावर कोणास उपदेश करावा लागला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मोटारीनें शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार गांठलें व विवराच्या कडेनें पायी फिरलों. उल्कापातानें काळ्या पाषाणांत झालेलें हें विवर सुमारें १८०० मीटर रुंद व सव्वाशें मीटरांहून अधिक खोल आहे. इ. स. २०२० मध्यें त्यास रामसर स्थळाचा मान मिळाला. कांठावरील धारेचें पाणी गोड, तर तळांतील सरोवर खारें! कारण उघड आहे: सरोवरांत पाणी येतें, परंतु बाहेर जाण्यास वाट नाहीं. उन्हानें पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागें राहतात.

वत्सगुल्माचे राजे गेले. तळीं मात्र, जेथें लोकांनीं गाळ उपसला तेथें राहिलीं. जेथें हात आखडला तेथें बुजलीं. वाचकहो, आपल्या गांवच्या तळ्याकांठीं एकदां जा आणि तीन प्रश्न विचारा: यांत पाणी कोठून येतें? तें कोठें जातें? आणि यांतील गाळ कोण काढतो? पहिल्या दोहोंचें उत्तर भूगोल देईल. तिसऱ्याचें आपणांसच द्यावें लागेल.