सेरेंगेटीच्या वाटेवर

(आफ्रिका खंडाच्या पूर्व भागात टांझानिया हा देश आहे. तंबूत मुक्काम करत वन्यप्राणी पाहायचे आणि वाटेतल्या गावांनाही भेट द्यायची, अशा प्रवासासाठी तेथे जगभरातून लोक येतात. असा प्रवास कसा असतो, त्यात काय दिसते आणि कोणते प्रश्न मनात उभे राहतात, हे या पाठात सांगितले आहे.)

'सफारी' हा शब्द कानावर पडला, की आपल्या डोळ्यांसमोर मोटार आणि सिंह उभे राहतात. पण या शब्दाच्या मूळ अर्थात सिंहही नाही आणि मोटारही नाही. तो पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतला शब्द आहे आणि त्या भाषेने तो अरबी 'सफर'वरून घेतला आहे. सफारी म्हणजे प्रवास. परगावी मामाकडे निघालेला मुलगासुद्धा तेथे सफारीलाच निघालेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, उर्दू जाणणाऱ्याला ही भाषा जागोजाग ओळखीची वाटते. अरब व्यापारी शेकडो वर्षे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ये-जा करत होते. त्यांचे कितीतरी शब्द तेथे रुजले. पुस्तकाला तेथे 'किताबू' म्हणतात, जगाला 'दुनिया', बातमीला 'हबारी', मित्राला 'रफिकी' आणि वेळेला 'वकाती'. पाहुणा दाराशी आला, की घरचे लोक 'करीबू' म्हणतात. तुमच्या ओळखीचा 'करीब' त्यात दिसतो ना? जवळ या, आत या, असा त्याचा अर्थ.

आपला प्रवास अरुशा या शहरातून सुरू होतो. मोटार भक्कम असते आणि तिचे छप्पर वर उचलता येते, म्हणजे उभे राहून प्राणी पाहता येतात. तंबू, अंथरुणे, पिण्याचे पाणी, शिधा आणि शेगडी असे सगळे सामान बरोबर घेतात. चालक हाच वाटाड्याही असतो. सोबत एक स्वयंपाकीही असतो.

निघण्याची वेळ ठरवताना मात्र नीट विचारून घ्यावे लागते. स्वाहिली लोक तास सूर्योदयापासून मोजतात. विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात सूर्य वर्षभर साधारण सहाच्या सुमारास उगवतो. म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. चालकाने 'एक वाजता निघू' असे स्वाहिलीत सांगितले आणि तुम्ही दुपारपर्यंत झोपून राहिलात, तर चूक त्याची नव्हे!

दोन-अडीच तासांनी म्तो वा म्बू हे गाव लागते. या नावाचा अर्थ 'डासांची नदी'. नाव ऐकून घाबरू नका, गाव मोठे हिरवेगार आहे. डोंगरावरून येणारे पाणी पाटांनी शेतांत खेळवले आहे. त्यावर भात आणि केळी पिकतात. लाल सालीची केळीही येथे मिळतात. पाण्याच्या आशेने वेगवेगळ्या जमातींचे लोक येथे येऊन वसले. घरात आपापली बोली आणि बाजारात स्वाहिली, असा त्यांचा व्यवहार आहे. गावातलाच एखादा तरुण पाहुण्यांना पायी हिंडवतो. वाटेत चहा मिळतो आणि चपातीही मिळते. चहाला तेथे 'चाय' म्हणतात आणि चपातीला 'चपाती'च. हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांचा जुना व्यापार त्या ताटातही दिसतो.

येथे एक रीत शिकून घ्यावी. वडीलधारे माणूस भेटले, की लहानांनी 'शिकामू' म्हणायचे. तुमचे पाय धरतो, असा त्याचा अर्थ. त्यावर वडीलधारे 'मरहबा' असे उत्तर देतात. पाहुण्याने हा एक शब्द म्हटला, तरी म्हाताऱ्या माणसांचे चेहरे खुलतात. कॅमेरा बाहेर काढण्याआधी तो म्हणावा, हे चांगले.

गावापुढे रस्ता घाट चढून न्गोरोंगोरोच्या कड्यावर येतो. लाखो वर्षांपूर्वी येथे एक प्रचंड ज्वालामुखी होता. तो आत कोसळला आणि वाडग्यासारखे विवर तयार झाले. विवराचा तळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे आणि कडा तळापासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तळाशी गवताळ माळ, तळे आणि थोडे रान आहे. सिंह, हत्ती, तरस, झेब्रे आणि दुर्मिळ काळे गेंडे तेथे राहतात. जिराफ मात्र सापडत नाहीत. उभी कडा उतरणे त्यांना जमत नसावे, असे म्हणतात.

विवरात रात्री राहता येत नाही. मुक्काम वर कड्यावर असतो. समुद्रसपाटीपासून ही जागा दोन हजार मीटरांहून उंच असल्याने रात्री चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणजे सदा उकाडा, असे समजून आलेला प्रवासी येथे सगळे कपडे एकावर एक घालून झोपतो.

पुढच्या वाटेवर मासाई लोकांच्या वस्त्या दिसतात. मासाई हे पशुपालक लोक. गाई, शेळ्या, मेंढ्या हेच त्यांचे धन. वस्तीभोवती काटेरी फांद्यांचे गोल कुंपण असते आणि रात्री जनावरे त्याच्या आत घेतात. घरे बायका बांधतात. काठ्यांचा सांगाडा उभा करून त्यावर माती आणि गाईचे शेण लिंपतात. शेणाने सारवलेले घर आपल्या खेड्यांतही आहे, त्यामुळे आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. युरोपातून आलेले प्रवासी मात्र भिंतीला हात लावून पाहतात. दूध साठवायला वाळलेल्या भोपळ्याची भांडी असतात. लहान मुले वडीलधाऱ्यांपुढे मान लववून उभी राहतात आणि मोठी माणसे त्यांच्या डोक्याला हात लावतात.

प्रवाशांसाठी ठरलेल्या वस्त्यांत आधी पैसे द्यावे लागतात. मग लाल 'शुका' पांघरलेले तरुण गाणे म्हणत उंच उड्या मारतात. बायका मण्यांच्या माळा विकायला मांडतात. पैसे घेऊन नाच दाखवणे काही प्रवाशांना खटकते. पण आपणही तिकीट काढून नाटक पाहतो, तेव्हा नट खोटा आहे असे म्हणत नाही. खटकायचेच असेल, तर त्या अर्ध्या तासात माळांच्या किमतीखेरीज दुसरे काहीच न विचारणारा प्रवासी खटकावा. 'जनावरांना पाणी कुठे पाजता?' एवढे विचारले, तरी बोलणे सुरू होते.

यानंतर सेरेंगेटी. नजर पोहोचेल तिथवर गवत. मासाई भाषेतल्या 'सिरिंगेत' या शब्दावरून हे नाव आले आहे. जमीन जेथे संपतच नाही, अशी जागा. हे राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरांचे आहे. येथे सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट आहेत. दाढीवाले, वाकड्या शिंगांचे हे मोठे हरणवर्गीय जनावर दिसायला काही देखणे नाही. पण त्यांचे कळप चालू लागले, की माणूस बोलायचे थांबतो. पाऊस आणि कोवळे गवत यांच्यामागे ते वर्षभर फिरतात. डिसेंबर ते मार्च ते दक्षिणेच्या माळावर असतात. तेथील गवत ज्वालामुखीच्या राखेवर वाढलेले आणि कसदार असते. फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्ले जन्मतात. जन्मलेले पिल्लू काही मिनिटांतच उभे राहते, कारण तरस आणि सिंह जवळच असतात. पुढे कळप पश्चिमेला आणि मग उत्तरेला जातात. जुलैपासून पुढे मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात आणि पाऊस आला, की दक्षिणेला परततात.

हे कळप कायम एवढे मोठे नव्हते. १८९० च्या दशकात बुळकांडी या गुरांच्या रोगाची साथ येथे आली. मासाईंची गुरे धडाधड मेली आणि माणसांची उपासमार झाली. वाइल्डबीस्टही मेले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांची संख्या वाढू शकली नाही. १९६० च्या सुमारास आसपासच्या गाईंना लस टोचून रोग हटवला, तेव्हा रानातली साथही थांबली. तेव्हा अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेले. गोठ्यातल्या गाईला दिलेल्या लसीने रानातले जनावर वाचले. मासाईंनाही हे नाते दुसऱ्या बाजूने माहीत आहे. वाइल्डबीस्टच्या नव्या पिल्लांपासून गाईंना एक जीवघेणा ताप येतो. म्हणून पिल्ले जन्मण्याच्या दिवसांत मासाई आपली गुरे त्या माळापासून दूर नेतात. सर्वांत चांगले गवत ते त्या दिवसांत वाइल्डबीस्टसाठी सोडतात.

सेरेंगेटीतल्या मुक्कामाच्या जागेला कुंपण नसते. काही ठिकाणी स्वयंपाकासाठी जाळी लावलेली खोली असते. आत माणसे आणि बाहेर प्राणी, असा तो उलटा पिंजरा! खाण्याची वस्तू तंबूत ठेवायची नाही आणि अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचे नाही, हे नियम कडक आहेत. रात्री तरसाचा चढत जाणारा आवाज येतो. दूर कुठे सिंह गुरगुरतो आणि तो तंबूच्या मागेच आहे असे वाटते. कापडाची एक भिंत काय ती मध्ये. या रात्री माणसाला आपण येथे पाहुणे आहोत, हे कोणी सांगावे लागत नाही.

मग येथे घरचे कोण? सेरेंगेटीला नाव मासाईंच्या भाषेने दिले, पण उद्यानात आज एकही मासाई वस्ती नाही. १९५१ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्या वेळी टांझानियाच्या मुख्य भूमीवर, म्हणजे टांगानिकावर, ब्रिटिशांचा कारभार होता. १९५९ मध्ये मासाईंना उद्यान सोडायला लावले आणि शेजारचा न्गोरोंगोरोचा प्रदेश वेगळा काढून तेथे राहू दिले. माणसे आणि प्राणी यांच्या हिताचा तेथे संघर्ष झाला, तर माणसांचे हित आधी पाहू, असे गव्हर्नरने त्यांना आश्वासन दिले होते. देश १९६१ मध्ये स्वतंत्र झाला. १९७४ मध्ये विवराच्या तळावरची घरे उठवली गेली आणि १९७५ मध्ये त्या प्रदेशात शेतीवर बंदी आली.

१९५९ मध्ये तेथे सुमारे आठ हजार लोक होते. आता ही संख्या एक लाखाच्या आसपास गेली आहे. माणसे आणि गुरे वाढल्याने रानाला धोका आहे, असे सरकारचे म्हणणे. २०२२ पासून सरकारने लोकांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा या गावी हलवणे सुरू केले. तेथे घरे बांधून दिली. लोक स्वखुशीने जातात, असे सरकार सांगते. दवाखाने आणि शाळांचा पैसा आटवून आम्हाला जायला भाग पाडले जाते, असे अनेक मासाई सांगतात. लोकसंख्या वाढली ही गोष्ट खरी आहे. पण प्रवाशांसाठी हॉटेले आणि रस्तेही त्याच काळात वाढले, हेही विसरता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मासाई लाल शुका पांघरून सेरेंगेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उतरले. आपल्या गावांची सरकारी नोंद रद्द होत असल्याचा त्यांना राग होता. त्यांच्या समोर प्रवाशांच्या मोटारी खोळंबून राहिल्या. काही दिवसांनी न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांनी मासाई प्रतिनिधींना भेटून या प्रश्नासाठी आयोग नेमण्याचे जाहीर केले.

शब्दार्थ
शिधा – राशन; वाटाड्या – रहबर; ज्वालामुखी – आतिश-फशां; विवर – मोठा खोल खड्डा; कळप – रेवड; तरस – लकडबग्घा; कुंपण – बाड; बुळकांडी – गुरांचा एक जीवघेणा रोग; स्थगिती – हुक्म-ए-इल्तवा

स्वाध्याय
१. सूर्योदयापासून तास मोजण्याच्या पद्धतीने तुमची शाळा किती वाजता भरते आणि किती वाजता सुटते?
२. गाईंना लस टोचल्यामुळे वाइल्डबीस्टची संख्या का वाढली?
३. मासाई लोक वर्षातील काही दिवस आपली गुरे माळापासून दूर का नेतात?
४. पाठात आलेले आणि उर्दूशी नाते असलेले पाच स्वाहिली शब्द लिहा. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
५. एका गटाने सरकारची बाजू आणि दुसऱ्या गटाने न्गोरोंगोरोच्या मासाईंची बाजू वर्गात मराठीतून मांडा.